आत्मरक्षणाचा हक्क आणि कंबरेची सुरी

गेल्या काही वर्षांत आमच्या वऱ्हाडातील दोन्ही मोठ्या शहरांनी जे दिवस पाहिले, ते कोणासही सहज विसरता येण्यासारखे नाहीत. २०२१ सालच्या नोव्हेंबरात अमरावतीस दगडफेक व जाळपोळ होऊन संचारबंदी पुकारावी लागली. २०२३ सालच्या मे महिन्यात अकोल्याच्या जुन्या शहरात तोच प्रकार झाला आणि त्यात एका माणसाचा जीवही गेला. दंगल शमते, संचारबंदी उठते, दुकाने उघडतात. परंतु मनात बसलेले भय दुकानाच्या दारांबरोबर उघडून बाहेर जात नाही. रात्री गल्ला मोजून एकट्याने घरी निघणारा कापडवाला, वसुली करून परतणारा अडत्याचा मुनीम, अपरात्री बडनेऱ्याच्या स्टेशनावर उतरणारा प्रवासी, शिकवणीहून घरी येणारी मुलगी, ह्या सर्वांच्या मनात एकच प्रश्न घोळत असतो. आणि तो आम्हांस वकील म्हणून, संपादक म्हणून व शेजारी म्हणूनही वारंवार विचारण्यात येतो. तो प्रश्न हा की, "एक लहानशी सुरी जवळ बाळगली तर त्यात वाईट काय?"

हा प्रश्न गुंडाचा नव्हे. गुंड कोणाचा सल्ला घेत नाही व कायद्याचे पुस्तकही उघडीत नाही. हा प्रश्न सभ्य, कुटुंबवत्सल, कर भरणाऱ्या माणसाचा आहे, म्हणून त्याची थट्टा करून किंवा "पोलीस आहेत ना!" असे ठराविक उत्तर देऊन त्यास वाटेस लावणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. त्याचे उत्तर नीट द्यावयास हवे, आणि ते आम्ही आज देऊ इच्छितो.

प्रथम एक गोष्ट निःसंदिग्धपणे मान्य करावयाची, ती ही की आत्मरक्षणाचा हक्क हा प्रत्येक मनुष्याचा जन्मसिद्ध हक्क आहे. अंगावर चालून आलेल्यापुढे मान लववून उभे राहणे हा काही सद्गुण नव्हे. शस्त्राच्या बाबतीत तर आमच्या देशाची एक जुनी व्यथा आहे. लॉर्ड लिटनच्या अमदानीत १८७८ साली जो हत्यारांचा कायदा झाला, त्याने एतद्देशीयांच्या हातचे शस्त्र परवान्यावर टांगले आणि युरोपियनांस मात्र मोकळे ठेवले. हा केवळ बंदोबस्ताचा कायदा नव्हता, अविश्वासाचा जाहीरनामा होता. १८८७ च्या मद्रासच्या अधिवेशनापासून काँग्रेसने त्याविरुद्ध तक्रार मांडली. हीच काँग्रेस १८९७ साली आमच्या अमरावतीस भरली होती. १९३१ साली कराचीस मूलभूत हक्कांचा जो ठराव झाला, त्यात योग्य त्या नियमांस अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही नागरिकांस देण्यात आला होता. तेव्हा आमच्याकडे कोणी शस्त्राची इच्छा धरली म्हणून त्यास एकदम गुन्हेगार ठरविण्याचे कारण नाही. त्या इच्छेमागे अपमानाची एक लांब आठवण आहे.

परंतु स्वराज्य आल्यावर ह्याच प्रश्नाचा निकाल आपल्याच लोकांनी आपल्याच सभेत वेगळा लाविला, ही गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात नसते. १९४८ सालच्या डिसेंबरात घटनासमितीत शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी उपसूचना आली. ती आणणारे श्री. हरि विष्णु कामथ हे आमच्याच मध्यप्रांत व वऱ्हाडचे प्रतिनिधी होते. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. परकी सरकारने लोकांस निःशस्त्र केले होते तेव्हाची मागणी वेगळी आणि आताची स्थिती वेगळी. प्रत्येकाने बाजारात जाऊन वाटेल ते हत्यार विकत घ्यावे असे म्हटले तर राज्यकारभार चालावा कसा, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. उपसूचना फेटाळली गेली. घटनेच्या एकोणिसाव्या कलमाने सभा भरविण्याचा हक्क दिला, पण तो शांततेने व शस्त्रावाचून. शिखांचे कृपाण हा धर्माचा विषय म्हणून पंचविसाव्या कलमात निराळा मानला गेला. ह्या निर्णयाकडे आम्ही आत्मसमर्पण म्हणून पाहत नाही. राज्य आपले झाले, तेव्हा रक्षणाचा भार राज्यावर घालणे आणि तो पेलला नाही तर राज्यास जाब विचारणे, हाच स्वतंत्र नागरिकाचा मार्ग ठरला.

आता प्रत्यक्ष कायदा काय आहे ते पाहू. कारण ह्या बाबतीत बाजारात जितके गैरसमज आहेत तितके क्वचितच दुसऱ्या कोणत्या बाबतीत असतील. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात 'शस्त्र' ह्या शब्दात बंदुकीबरोबर धारदार व प्राणघातक हत्यारेही येतात. केवळ घरगुती किंवा शेतीच्या कामासाठी केलेल्या वस्तू मात्र त्यातून वगळल्या आहेत. २०१६ च्या शस्त्र नियमांच्या पहिल्या परिशिष्टात तलवार, खंजीर, भाला, सुरा इत्यादींचा वर्ग दिला असून, त्यात पाते ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद असण्याची मर्यादा घातली आहे. घरगुती, शेतकी, शास्त्रीय वा औद्योगिक कामाची हत्यारे त्यातही वगळलेली आहेत. ज्या प्रदेशास सरकारने अधिनियमाचे चौथे कलम लागू केले असेल, तेथे अशी हत्यारे विनापरवाना बाळगणाऱ्यास एक ते तीन वर्षांची कैद सांगितली आहे.

हे ऐकून पुष्कळांची समजूत अशी होते की, आठ इंचांचे पाते घेतले की आपण सुटलो. ही समजूत अर्धवट आहे, आणि कायद्यातील अर्धवट ज्ञान हे अज्ञानाहून महाग पडते. कारण शस्त्र अधिनियमाच्या शेजारीच १९५१ चा पोलीस अधिनियम उभा आहे. त्याच्या ३७ व्या कलमान्वये सार्वजनिक शांततेसाठी हत्यारे, सुऱ्या, सोटे, लाठ्या, किंबहुना शारीरिक इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू घेऊन फिरण्यास मनाई करता येते. अमरावती शहरात हा हुकूम पोलीस आयुक्त काढतात, अकोल्यास जिल्हादंडाधिकारी काढतात. ह्या हुकमात इंच मोजीत नाहीत. सणासुदीस, निवडणुकीस, मिरवणुकांच्या दिवसांत असे हुकूम वारंवार निघतात. ते कचेरीच्या फलकावर लागतात व वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात छापले जातात, आणि ज्यांच्यासाठी ते असतात त्यांपैकी बहुतेकांनी ते वाचलेले नसतात. हुकूम मोडणाऱ्यास १३५ व्या कलमाने एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, आणि विशेष कारण नसेल तर ती चार महिन्यांहून कमी करू नये असे कायदाच सांगतो. म्हणजे ज्या दिवसांत भय अधिक वाटून माणूस सुरी खिशात घालतो, नेमक्या त्याच दिवसांत ती खिशात असणे हा गुन्हा असण्याचा संभव अधिक!

वकिलीच्या धंद्यात ह्याचे परिणाम आम्ही डोळ्यांनी पाहिले आहेत. एका सुखवस्तू घरातील मुलाने मोबाईलच्या पडद्यावर पाहून एक दिखाऊ सुरी मागविली. दोन्ही अंगांस धार, काळी मूठ, पट्ट्यास अडकवावयाचे म्यान. कोणावर ती उगारण्याचा त्याचा विचार स्वप्नातही नव्हता; मित्रांस दाखविणे आणि रात्री गाडीवरून येताना मनास धीर देणे एवढाच तिचा उपयोग. नाकाबंदीत गाडीची डिकी उघडली गेली आणि पंचनामा झाला. पुढे जामीन, तारखा, वकिलाची फी. आणि नोकरीसाठी चारित्र्याचा दाखला मागितला तेव्हा 'गुन्हा प्रलंबित' हा शेरा. ज्या गुंडाच्या भयाने त्याने सुरी घेतली, तो गुंड त्यास कधी भेटलाच नाही. भेटले ते कोर्ट. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये ही म्हण वकिलांच्या पोटावर पाय आणणारी असली तरी खरी आहे. २०१८ साली औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, घरपोच मागविलेल्या तलवारी व सुऱ्या पोलिसांनी पकडल्या तेव्हा सगळ्या राज्यास हा नवा बाजार दिसला. त्या बाजारातून घराघरांत किती पेट्या पोहोचल्या असतील त्याचा हिशेब आईबापांनीच आपापल्या घरी घ्यावा.

येथे कोणी म्हणेल, "कायदा राहू द्या, जीवच गेला तर कायदा घेऊन काय करावयाचे? सुरी जवळ असेल तर निदान चार वार परतविता तरी येतील." ह्या आक्षेपाचा विचार केलाच पाहिजे, कारण त्यात खोटेपणा नाही. तेव्हा कायदा क्षणभर बाजूस ठेवून सुरीचाच विचार करू.

अखंड पात्याची, म्यानात राहणारी लहान सुरी हे साधन म्हणून उत्तम आहे. मिटणाऱ्या चाकूचा सांधा ढिला पडतो, खटका ऐन वेळी सुटतो व स्वतःचीच बोटे कापतात. अखंड सुरीस हे भय नाही. म्हणूनच पोत्याची शिवण उसवणारा किराणेवाला, संत्र्याच्या बागेतील माळी, गाठीच्या पट्ट्या तोडणारा कामगार हे सर्व तिचाच आश्रय करितात. परंतु कामाचे उत्तम साधन हे रक्षणाचेही उत्तम साधन असते, असे मुळीच नाही. सुरीने रक्षण करावयाचे म्हणजे शत्रूस हाताच्या अंतरावर येऊ द्यावयाचे. त्याच्यापाशी लाठी असेल तर सुरी पोहोचत नाही, तोही सुरी घेऊन आला असेल तर दोघेही कापले जातात. हल्ला करणारा आपली वेळ, आपली जागा व आपला अंधार निवडून येतो. त्याचे हत्यार आधीच हातात असते. आपली सुरी सदऱ्याखाली, म्यानात, पिशवीच्या तळाशी असते. ती निघेपर्यंत जे व्हावयाचे ते होऊन जाते. घाबरलेला हात थरथरतो, मूठ घामाने वा रक्ताने निसटते, आणि मुठीस आड नसेल तर बोटे पात्यावर घसरून स्वतःचाच हात निकामी होतो. वार लागला तरी समोरचा तत्काळ थांबेल असा भरवसा नाही. आणि लागू नये तेथे लागला तर मांडीवरचा एक घावही थोड्या मिनिटांत माणसाचा प्राण घेतो. म्हणजे सुरी थांबविण्यास अपुरी आणि मारण्यास पुरेशी, असे हे विचित्र हत्यार आहे. आत्मरक्षण करणाऱ्यास नेमके ह्याच्या उलट हवे असते.

आमच्या जुन्या आखाड्यांस ही गोष्ट ठाऊक होती. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना वैद्य बंधूंनी १९१४ साली केली. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या प्रसंगी ह्या मंडळाच्या पथकाने आपले देशी खेळ जगास दाखविले. अशा आखाड्यांतून लाठी, फरीगदगा, जंबिया ह्यांचे हात शिकविण्याची परंपरा आहे. पण जंबियाचे हात शिकविले म्हणून कोणी विद्यार्थी जंबिया कंबरेस खोचून बाजारात हिंडत नसे. लाकडी जंबियाने पवित्रा, अंतर, नजर आणि मनगट तयार होई. आणि वर्षानुवर्षांच्या मेहनतीतून जी वस्तू हाती लागे ती हत्यार नसून अंगातील निर्भयता असे. आज आम्ही उलट करू पाहतो: मेहनत गाळून टाकावयाची आणि हत्यार तेवढे विकत घ्यावयाचे. शिकलेल्या हातात जे शस्त्र, तेच न शिकलेल्या हातात माकडाच्या हाती कोलीत!

आता रक्षणाच्या हक्काविषयी कायदा काय सांगतो, हेही प्रत्येकाने समजून घेतले पाहिजे. कारण आमच्या मते सुरीहून हे ज्ञान अधिक उपयोगाचे आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिची कलमे ३४ ते ४४ ही खासगी संरक्षणाच्या हक्काची आहेत. आपल्या व दुसऱ्याच्याही शरीराचे व मालमत्तेचे रक्षण करण्याचा हक्क त्यांनी दिला आहे. धोक्याची वाजवी धास्ती निर्माण होताच हा हक्क सुरू होतो. पहिला वार अंगावर झेलण्याची वाट पाहत बसावे असे कायदा म्हणत नाही. मृत्यूची वा भारी दुखापतीची वाजवी धास्ती, बलात्कार, अपहरण, तेजाब फेकणे अशा प्रसंगी हल्लेखोराचा प्राण गेला तरी तो हक्कातच येतो. पळून जाणे शक्य होते, मग पळाला का नाही, असे विचारून भ्याडपणाची सक्ती कायदा करीत नाही. आमच्या समजुतीप्रमाणे जगातील कोणत्याही सुधारलेल्या देशाच्या कायद्याहून हा हक्क संकुचित नाही.

मात्र त्यास दोन कुंपणे आहेत. सरकारी यंत्रणेचे साहाय्य घेण्यास अवसर असेल तर हा हक्क नाही. आणि रक्षणास आवश्यक तेवढ्याहून अधिक इजा करण्याचा हक्क कधीच नाही. ढकलणाऱ्यास भोसकणे, पळणाऱ्याच्या पाठीत वार करणे, वाद मिटून गेल्यावर सूड घेणे हे रक्षण नव्हे. शिवाय आपले कृत्य ह्या अपवादात बसते हे दाखविण्याचा भार, नव्या साक्ष अधिनियमाच्या १०८ व्या कलमान्वये, आरोपीवर असतो. तो शंभर टक्के पुराव्याने नव्हे, तर संभाव्यतेच्या तोलाने पार पाडता येतो, एवढाच दिलासा. ह्या ठिकाणी खिशातील सुरी आपल्याविरुद्ध साक्ष देऊ लागते. रस्त्यावरचा दगड वा हातातील छत्री उचलून ज्याने स्वतःस वाचविले, त्याची घाई न्यायाधीशास समजते, घरून सुरी घेऊन निघालेल्यास मात्र सरकारी वकील पहिला प्रश्न हाच विचारतो की, "ही कोणासाठी घेतली होती?" जी सुरी रक्षणासाठी घेतली तीच पूर्वतयारीचा पुरावा म्हणून पुढे येते.

स्त्रियांच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच कळकळीचा आहे. २०१२ च्या डिसेंबरात दिल्लीस जो अमानुष प्रकार झाला, त्यानंतर महिन्याभरात मुंबईत शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी स्त्रियांस स्वसंरक्षणार्थ लहान सुऱ्या वाटल्या. पाते आखूड असल्याने त्यास परवाना लागत नाही असे त्यांचे सांगणे होते. त्या वाटपामागील संताप खरा होता, ह्याविषयी आम्हांस संशय नाही. परंतु तो उपाय म्हणजे रोग रेड्यास आणि औषध पखालीस, असे म्हणणे प्राप्त आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची वर्षानुवर्षांची आकडेवारी सांगते की, बलात्काराच्या नोंदलेल्या प्रकरणांत ९० टक्क्यांहून अधिक ठिकाणी आरोपी हा पीडितेच्या ओळखीचा असतो: नातलग, शेजारी, मालक, लग्नाचे वचन देणारा. पिशवीतील सुरी अंधाऱ्या गल्लीतील अनोळखी मनुष्यासाठी असते. खरा धोका पुष्कळदा उजेडात, घरात, 'काका' म्हणून हाक मारावी लागते अशा माणसाच्या रूपाने असतो. त्याच्याविरुद्ध मुलीस सुरी नको, तिच्या शब्दावर विश्वास ठेवणारे आईबाप हवेत. 'घराण्याची अब्रू' म्हणून जे तिचे तोंड दाबतात, त्यांनी तिच्या हाती सुरी देण्याची भाषा बोलणे ही निव्वळ वंचना होय. मुलीस लाठी शिकवा, कुस्ती शिकवा, धावणे व ओरडणे शिकवा. पण त्याआधी घरी येऊन सर्व काही सांगण्याची मोकळीक द्या. ती मोकळीक ज्या घरात नाही, तेथे शंभर सुऱ्या असूनही मुलगी निराधारच आहे.

राहता राहिला एक आक्षेप. तोच सर्वांत वजनदार. "गुंडांजवळ हत्यारे असतातच, तुमच्या कायद्याने निःशस्त्र होतो तो केवळ भला माणूस. पोलीस येतात ते वरातीमागून घोडे. मग चोर सोडून संन्याशास फाशी देण्यासारखेच हे नव्हे काय?" ह्यातील तक्रार आम्ही नाकारीत नाही. मनाईहुकूम काढून हात झटकणे आणि नाकाबंदीत सापडलेल्या पोरांवर गुन्हे नोंदवून कामगिरीचा आकडा फुगविणे, ह्याने बंदोबस्त होत नसतो. बाजारपेठेतील रात्रीची गस्त, पथदिवे, हद्दपार केलेले गुंड खरोखरच हद्दीबाहेर आहेत की नाहीत ह्याची तपासणी, आणि ११२ ह्या क्रमांकावर केलेल्या हाकेस वेळेवर ओ, ही पोलीसखात्याची कर्तव्ये आहेत. ती झाली नाहीत तर जाब विचारण्यास नागरिकांनी संघटितपणे पुढे आले पाहिजे. परंतु पोलीस कमी पडतात म्हणून प्रत्येकाने सुरी बाळगावी, हे अनुमान मात्र बरोबर नाही. भला माणूस सुरी बाळगू लागला म्हणून गुंड सुरी टाकीत नाही. तो मोठी सुरी घेतो. आणि दंगलीच्या दिवशी काय होईल ह्याची कल्पना करा. दोन मोहल्ल्यांतील शंभर भली माणसे, प्रत्येकाच्या कंबरेस 'रक्षणासाठी' घेतलेली सुरी, प्रत्येकाच्या मनात समोरच्याच्या सुरीची धास्ती. एक दगड, एक अफवा, आणि शब्दाने मिटले असते ते प्रेताने मिटते. धाकाचा समतोल सुरीने साधत नाही. ती फक्त भांडणाची किंमत वाढविते.

मग करावे काय? ज्यांच्या धंद्यास सुरी लागते त्यांनी ती अवश्य ठेवावी. पण कामाची म्हणून, कामाच्या ठिकाणी. चार बोटे लांबीचे, एकाच अंगास धार असलेले साधे पाते पुष्कळ होते; मुठीस बोटांपुढे आड असावा, म्यान घट्ट असावे. दुधारी पाते, खटक्याचा चाकू, काठीत लपविलेली गुप्ती ह्यांच्या वाटेस जाऊ नये. त्यांचे कामच त्यांच्या रूपावरून उघड होते. सुरी हत्यारांच्या पेटीत वा दुकानाच्या खणात असावी, कंबरेस नव्हे. मिरवणुकीत, सभेत वा मनाईहुकूम असताना ती घेऊन कोठेही जाऊ नये. व्यापाऱ्यांनी रोज एकाच वेळी, एकाच वाटेने, एकट्याने रोकड नेण्याची सवय मोडावी. देणेघेणे शक्य तितके बँकेतून व मोबाईलवरून करावे. एका आळीतील दुकाने एका वेळी बंद करून चौघांनी मिळून निघावे. कोणी अडवून पैसे मागितले तर पैसे द्यावेत आणि जीव घरी आणावा. पैसा पुन्हा मिळविता येतो. आणि प्रत्येक मोहल्ल्यात अशी दहा माणसे असावीत की, अफवा उठताच जी दुसऱ्या मोहल्ल्यातील आपल्या दहा ओळखीच्या माणसांस दूरध्वनी करतील. ह्या दहा ओळखी शांततेच्या दिवसांत करून ठेवावयाच्या असतात; आग लागल्यावर विहीर खणता येत नाही.

अमरावतीच्या वाचकांस शेवटी त्यांच्याच गावाच्या परकोटाचे स्मरण देतो. पेंढाऱ्यांच्या लुटीपासून येथील धनवान व्यापाऱ्यांचे रक्षण व्हावे म्हणून निजामाच्या अमदानीत, १८०७ च्या सुमारास, हा तट बांधण्यास आरंभ झाला. त्यास पाच वेशी आणि चार खिडक्या. पेंढारी काही आजच्या गल्लीतील गुंड नव्हते. ती सशस्त्र टोळधाड होती. तरीही गावाने त्यावर उपाय शोधला तो प्रत्येक सावकाराच्या कंबरेस कट्यार बांधून नव्हे, तर सर्वांभोवती मिळून एक भिंत उभारून. आणि त्याच तटाच्या एका खिडकीस 'खुनारी' हे नाव पडले, ते बाहेरच्या पेंढाऱ्यांमुळे नव्हे. मोहरमच्या वेळी गावातील लोकांनीच एकमेकांचे रक्त सांडले, त्याची ती खूण आहे. तटाने बाहेरचा शत्रू थोपविला. आतल्या माणसांच्या हातातील शस्त्र त्यास थोपविता आले नाही. वेस आणि खिडकी, दोन्ही आपल्या गावच्याच आहेत. आपल्या मुलांस कोणत्या वाटेने न्यावयाचे, ते आपण ठरवावयाचे आहे.